शेंगतेलावर चाललेलं डिझेलचं इंजिन

विहिरीवरचं इंजिन तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आजोबांच्या काळापासून असेल. हँडल मारून मारून खांदे दुखलेले लोक आजही गावोगाव भेटतात. आता विजेच्या मोटारी आल्या, सौर पंप आले. तरी ट्रॅक्टर, मळणी यंत्र, जेसीबी आणि बऱ्याचशा एस.टी. गाड्या अजून डिझेलवरच फिरतात. पंपावर कॅन पुढे करून आपण डिझेल मागतो, पण डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. माणसावरून इंजिनाला नाव पडलं आणि इंजिनावरून तेलाला. आणि हे इंजिन नवं असताना, १९०० साली, ते भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलेलं होतं. आपल्या घाण्यावर निघतं तसलंच शेंगतेल!

त्या माणसाचं पूर्ण नाव रुडॉल्फ डिझेल. या लेखात मी त्याला रुडॉल्फच म्हणतो, म्हणजे माणूस कोणता आणि तेल कोणतं यात गल्लत होणार नाही.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईबाप मात्र जर्मन, बव्हेरिया प्रांतातले. वडील पुस्तकबांधणी आणि कातडी वस्तूंचं काम करणारे कारागीर. हातावर पोट म्हणतात तशातला प्रकार. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना चंबूगबाळं आवरून निघावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथेही कमाईची वानवाच. तेव्हा १२ वर्षांच्या या पोराला आईबापांनी एकट्याला जर्मनीत, ऑग्सबर्ग गावी नातलगांकडे धाडून दिलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते काका गणिताचे शिक्षक होते. पोरगं तिथल्या औद्योगिक शाळेत शिकलं आणि पहिल्या नंबरात येत गेलं.

पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्याला कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक भेटले. हे नाव लक्षात ठेवा. अमोनिया वापरून थंडावा करणाऱ्या यंत्रांचा पाया या माणसानं घातला. तुमच्या भागातलं बर्फाचा कारखाना किंवा बटाट्याचं शीतगृह त्याच तत्त्वावर चालतं. वर्गात लिंडे यांनी सांगितलं की वाफेच्या इंजिनात जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, बाकीची वाया जाते. चुलीत दहा लाकडं घालावीत आणि नऊ लाकडांचा नुसता धूर व्हावा, असा तो हिशेब. हा हिशेब रुडॉल्फच्या डोक्यात जो घुसला तो कायमचा. १८७९ साली विषमज्वर झाल्यामुळे त्याची अंतिम परीक्षा बुडाली. पुढच्या वर्षी, १८८० साली, ती देऊन तो उत्तम गुणांनी पास झाला.

नोकरी लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या कंपनीत, पॅरिसला. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात इंजिनाचे प्रयोग. आधी त्यानं अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून बघितलं. त्यात स्फोट झाला, आणि गडी कित्येक महिने दवाखान्यात पडून होता. बरा झाल्यावर त्यानं अमोनियाचा नाद सोडला, इंजिनाचा सोडला नाही.

त्याची कल्पना समजायला सोपी आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक बोटाला चटका देतं, हा अनुभव तुम्हाला आहेच. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ म्हणाला, मग हवा इतकी दाबू की ती पाचशे अंशांच्याही वर तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत जळणाचा बारीक फवारा सोडू. जळण आपसूक पेटेल, ठिणगीची गरजच नाही. म्हणूनच पेट्रोलच्या गाडीला स्पार्क प्लग असतो आणि तुमच्या विहिरीवरच्या इंजिनाला नसतो. १८९२ साली त्यानं पेटंटचा अर्ज केला, १८९३ साली ते मिळालं. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप ही पोलादाची बडी कंपनी, या दोघांनी पैसा लावला.

कागदावरचं इंजिन लोखंडात उतरवायला मात्र चार वर्षं घाम गाळावा लागला. ऑगस्ट १८९३ मध्ये पहिली चाचणी झाली, तेव्हा दाब मोजायचं उपकरणच फुटलं आणि जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात वाचली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं, तेही साधारण एक मिनिट. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, एका प्राध्यापकांनी रीतसर मोजमाप केलं. जळणातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामाच्या रूपात हाती आली. वाफेच्या इंजिनाच्या दहा टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा. त्या दिवसापासून जगभरच्या कारखानदारांची रुडॉल्फच्या दाराशी रीघ लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. या इंजिनाला एकच एक तेल लागतं असं रुडॉल्फनं कधीच धरलं नव्हतं. सुरुवातीला तर दगडी कोळशाची पूड वापरायचा त्याचा विचार होता, तो साधला नाही. मग रॉकेल झालं, इतर खनिज तेलं झाली. १९०० साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आणि त्यात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच प्रदर्शनात ऑटो नावाच्या कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं. ते इतकं सुरळीत चाललं की आत खनिज तेल नसून खायचं तेल आहे, हे बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आलं.

इथे एक खुलासा करायला हवा. रुडॉल्फनं आपलं इंजिन मुळात शेंगतेलासाठीच बनवलं होतं, असं बऱ्याच ठिकाणी छापून येतं. तसं नाही. शेंगतेलाची कल्पना फ्रेंच सरकारची. सेनेगलसारख्या आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग अमाप पिके. तिथे बाहेरून कोळसा किंवा खनिज तेल नेण्यापेक्षा तिथल्याच तेलावर यंत्रं चालली तर बरं, असा त्या सरकारचा व्यवहारी विचार होता. रुडॉल्फनं पुढे स्वतः तसे प्रयोग केले. रशियात सेंट पीटर्सबर्गला एरंडेलावरही असे प्रयोग झाले. १९१२ साली लंडनच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे बोलताना त्यानं हा सगळा तपशील सांगितला. आज वनस्पती तेलाच्या इंजिनाला कुणी किंमत देत नसलं तरी पुढे या तेलांना खनिज तेलाइतकंच महत्त्व येऊ शकेल, असा त्याचा अंदाज होता. खाणीतला साठा कधीतरी संपणार, पण शेतात पडणारं ऊन दरवर्षी नव्यानं येतं, हे त्यामागचं कारण.

आता तुम्ही विचाराल, मग आम्हीही ओतू का टाकीत शेंगतेल? नका ओतू. का ते नीट सांगतो, कारण हा प्रयोग करून इंजिन मिस्त्रीकडे नेणारे हौशी शेतकरी अधूनमधून भेटतात.

पहिलं कारण दाटपणा. शेंगतेल डिझेलपेक्षा दहा पटीहून जास्त दाट असतं, आणि एरंडेल तर त्याहूनही कितीतरी दाट. रुडॉल्फच्या काळातलं इंजिन अवजड आणि संथ होतं. त्यात जळण दाबाच्या हवेच्या झोतानं आत फेकलं जाई, त्यामुळे दाट तेलाचाही फवारा व्हायचा. आजच्या इंजिनाचा नोझल वेगळा. त्याची भोकं केसासारखी बारीक. दाट तेलाचा तिथे फवारा होत नाही, धार पडते. ती पुरती जळत नाही आणि नोझलवर, पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरते.

दुसरं कारण तेलाच्या जातीचं आहे, आणि हे गळीत धान्य पिकवणाऱ्या प्रत्येकानं समजून घेण्यासारखं आहे. सगळी वनस्पती तेलं सारखी नसतात. जवसाचं तेल पातळ थरात उघड्यावर ठेवलं की हवेतला प्राणवायू घेऊन काही दिवसांत सुकतं आणि कडक पापुद्रा धरतं. म्हणूनच ते रंगात आणि दारा-खिडक्यांच्या वार्निशात वापरतात. हा गुण सुताराच्या कामाचा, पण इंजिनात तोच घात करतो, कारण रिंगा चिकटून बसतात. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, सरकी ही तेलं जवसाइतकी नसली तरी सुकण्याच्या बाजूला झुकणारी. भुईमूग, करंज, एरंडी ही जवळपास न सुकणारी. एरंडेल तर इतकं चिवट की बैलगाडीच्या कण्यापासून पहिल्या विमानांच्या इंजिनांपर्यंत वंगण म्हणून चाललं. खोबरेल सुकत नाही, पण थंडीच्या दिवसांत बाटलीत गोठतं हे तुम्ही बघताच. टाकीतही तेच होणार. निलगिरी, गवती चहा यांची सुगंधी तेलं ही आणखी निराळी जात. ती वाफेनं काढतात, उघडी ठेवली की उडून जातात, आणि ती घाण्याची तेलंच नव्हेत. पॅरिसला भुईमूग निवडला गेला तो वसाहतींत मुबलक होता म्हणून. पण गुणांनीही ती निवड चांगली निघाली.

तिसरं कारण साधं, पैशाचं. आज एक लिटर शेंगतेलाच्या पैशात एक लिटर डिझेल येऊन वर पैसे उरतात.

दाटपणावरचा उपाय रुडॉल्फच्या मृत्यूनंतर निघाला. वनस्पती तेलात मद्यार्क आणि थोडा क्षार घालून तापवलं की तेलाचा रेणू फुटतो, ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर पातळ तेल राहतं. आज आपण याला बायोडिझेल म्हणतो. या रीतीचं पेटंट बेल्जियममध्ये १९३७ साली एका प्राध्यापकांनी घेतलं, तेही पामतेलासाठी. शंभर किलो तेलामागे दहा-अकरा किलो मिथेनॉल लागतं आणि जवळपास तेवढंच ग्लिसरीन निघतं. पण मिथेनॉल जहाल विष आहे, आणि भडकाही लगेच घेतं. हे काम कारखान्याचं, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये करायचं नव्हे.

तर पुन्हा रुडॉल्फकडे वळू. त्याच्या मनात हे इंजिन कुणासाठी होतं? वाफेचं यंत्र अवाढव्य आणि महाग, ते फक्त श्रीमंत कारखानदाराला परवडायचं. त्यापुढे घरोघरचे विणकर, सुतार, लोहार बसले. रुडॉल्फ स्वतः कारागिराचा मुलगा. लहान धंदेवाल्याला दारात ठेवता येईल असं स्वस्तात चालणारं यंत्र मिळावं, ही त्याची मनापासूनची इच्छा होती. १९०३ साली त्यानं एक पुस्तकही लिहिलं. कामगारांनी थोडे थोडे पैसे साठवून स्वतःच्या मालकीचे कारखाने उभारावेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे मिळून चालवावेत, अशी त्यात योजना होती. आपल्या सहकारी सोसायटीच्या जवळ जाणारी गोष्ट. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काहीशेच. झालं उलटंच. त्याचं इंजिन आधी गेलं ते मोठ्या कारखान्यांत, वीजघरांत, मग जहाजांत. १९१२ साली सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर महासागर ओलांडून गेलं. लहान माणसाच्या दारात हे यंत्र यायला आणखी बराच काळ लागला. आपल्याकडे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली, आणि त्यानंतरच्या काळात इंजिन खऱ्या अर्थानं विहिरीच्या काठावर पोचलं.

पैसा मात्र रुडॉल्फला सुरुवातीलाच भरपूर मिळाला होता. १८९८ साली हक्क विकून तो लखपती झाला, म्युनिकमध्ये वाड्यासारखा बंगला बांधला. पण ज्याला यंत्राचा हिशेब बिनचूक जमला त्याला पैशाचा जमला नाही. जमिनीच्या सट्ट्यात मोठी रक्कम बुडाली. पेटंटवरून भांडणं, कोर्टकचेऱ्या चालूच. ही कल्पना मुळात तुझी नव्हेच, म्हणणारेही उठले. त्यात प्रकृती ढासळली, डोकेदुखी पाठ सोडीना. पेटंटची मुदतही संपली. बाहेरून राजासारखा दिसणारा हा माणूस आतून कर्जानं पोखरला होता, आणि घरच्यांनाही त्याचा पुरता पत्ता नव्हता. जप्तीची नोटीस दाराशी येईपर्यंत गप्प बसणारा कर्जदार आपण पाहिलेला असतो. मला हे वाचताना तोच आठवतो, देश कुठला का असेना.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून तो ड्रेस्डेन नावाच्या जहाजानं इंग्लंडला निघाला. बरोबर धंद्यातले दोन सोबती होते. रात्री तिघांनी जेवण केलं, डेकवर फेरी मारली. दहाच्या सुमारास रुडॉल्फ आपल्या खोलीकडे गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून. सकाळी खोली रिकामी. अंथरूण मोडलेलं नव्हतं. कठड्याजवळ त्याचा कोट आणि टोपी व्यवस्थित ठेवलेली सापडली. दहा-अकरा दिवसांनी एका डच नावेला समुद्रात प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. त्या वस्तू मुलानं ओळखल्या. निघण्यापूर्वी त्यानं बायकोजवळ एक पिशवी दिली होती, आठवडाभर उघडू नकोस म्हणून सांगून. तिच्यात २० हजार मार्क रोख निघाले, आणि सोबत बँकेची खाती जवळपास रिकामी असल्याचे कागद. वय ५५. त्याचा खून झाला असेही तर्क लढवले गेले, कुणी तेल कंपन्यांवर संशय घेतला, कुणी हेरांवर. पण पुरावा कशालाच नाही. कागदपत्रं बघता कर्जाचा फास हेच कारण बहुतेकांना पटतं, मलाही.

त्याच्यामागे खनिज तेल स्वस्त आणि मुबलक झालं, आणि इंजिन त्या तेलाला असं बांधलं गेलं की तेलालाच डिझेल म्हणू लागले. वनस्पती तेलाची आठवण जगाला अडचणीत होते. दुसऱ्या महायुद्धात झाली, १९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा झाली. आपल्याकडे २००३ साली योजना आयोगाच्या समितीनं मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, मोठ्या प्रमाणावर लावायची शिफारस केली. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के वनस्पतीजन्य तेल मिसळायचं ठरलं. माळरानावर, पाण्यावाचून, सोनं पिकेल असं सांगितलं गेलं. झाड पाण्यावाचून जगतं हे खरं, पण पाण्यावाचून भरपूर बी देत नाही, हे लावल्यावर कळलं. बियाणं एकजिनसी नव्हतं, खरेदीदार ठिकाणावर नव्हता. बांधावर लावलेली ती झाडं आज काही ठिकाणी नुसती कुंपण म्हणून उभी आहेत. २०१८ च्या नव्या धोरणात हे उद्दिष्ट २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आलं.

जी देशं पामतेलात बळकट आहेत, उदाहरणार्थ इंडोनेशिया, ती मात्र ते मोठ्या प्रमाणावर डिझेलमध्ये मिसळतात. आपण खायच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो, आणि त्यात पामतेल मोठं. म्हणजे तिकडे इंजिनात किती तेल जातं, याचा आपल्या कढईतल्या तेलाच्या भावाशी थेट संबंध आहे. खायचं तेल जाळणं आपल्याला परवडणारं नाही. करंजासारखं अखाद्य तेल हाच आपल्याकडचा विचार करण्याजोगा भाग.

सरपंच आणि ग्रामसेवकांना यात एक करता येण्यासारखं आहे. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, गायरानात करंजाची झाडं आपोआप उभी असतात आणि बी मातीत जातं. बियात साधारण तीस टक्के तेल असतं. गाडीची टाकी भरण्याची स्वप्नं बघू नका. पण कडुनिंब, करंज गोळा करून घाण्यावर द्यायला बचत गटाला काम मिळू शकतं. त्याआधी बी कोण घेणार, किती किलोपासून घेणार आणि घाणा किती अंतरावर आहे, एवढं लेखी विचारून घ्या. करंजाच्या पेंडीत साधारण चार टक्के नत्र असतं, फळबागेला ती चांगली. जनावरांना मात्र करंजाची, एरंडीची किंवा मोगली एरंडाची पेंड घालू नका, ती विषारी असते.